खाली मशीन हाय

आप्पा, दुकानातल्या भिंतीवरचा तुमचा फोटो तुमच्या नातीनं उतरवून बेळगावला नेला आहे. पुसायला नाही, छापायला. एका खेळाच्या खोक्यावर तुमचं तोंड येणार आहे. भिंतीवर फोटोएवढा पांढरा चौकोन उरलाय, बाकीची भिंत उदबत्तीच्या आणि सोल्डरिंगच्या धुरानं पिवळी. निपाणीच्या ह्या बोळातला येणारा-जाणारा आठवडाभर विचारतोय, आप्पा कुठं गेले? मी सांगते, गेले की, कवाच गेले. लोक हसतात. मी हसत नाही, कारण उद्या मला लेकीला फोनवर एक काय ते सांगायचं आहे. त्या खोक्यावर तुमचं नाव आणि फोटो घालायचा का नाही. 'घाल' म्हटलं की खेळ तुमचा झाला, कायमचा. 'नको' म्हटलं तर ती विचारणार, का? आणि ते 'का' मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते. शाळा तुम्ही पाचवीत सोडायला लावलीत, तेव्हा अक्षर हे असं आहे. चुका निघतील त्या तुमच्या नावावर धरा.

झालं असं. माझी लेक बेळगावला एका हापिसात आहे. तिथं टिळकवाडीत एका पोरानं हॉटेल काढलंय, त्याला ती कॅफे म्हणते. कॉफी प्यायची आणि टेबलावर खेळ मांडून बसायचं, एवढाच धंदा. मोठी मोठी, लग्न झालेली माणसं तिथं सोंगट्या सरकवत बसतात आणि हरली की खरंच तोंड पाडतात. लेकीनं त्या पोराला सांगितलं, आमचा आजा जत्रेत टेबलावर बैलांची शर्यत लावायचा, बैल आपोआप पळायचे, करंटवर. हे तिला माझ्या आईनं सांगितलेलं. आई मरेपर्यंत नातीला ही एकच गोष्ट सांगत राहिली, दर वेळी तुमची मान थोडी आणखी ताठ करून. मी शेजारी बसून शेंगा निवडायची आणि गप्प राहायची. कॅफेवाला म्हणाला, तसला खेळ करून द्या, मी ठेवतो, मी विकतो. लेक धावत माझ्याकडं. 'आई, तुझ्याकडं चुंबकांचा ढीग पडलाय की गं!' पडलाय खरा. हल्ली स्पीकर दुरुस्त करतंय कोण? फाटला की टाकून देतात. डीजेवाल्यांचे तेवढे येतात, बाकी मेलेल्या स्पीकरांची नुसती चुंबकं उरतात, काळ्या जड चकत्या, मधी भोक. तुमच्या माघारी दुकान मी चालवलं ते हौसेनं नाही. दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही तुम्ही येऊ दिलं नव्हतं.

तर मी खेळ करायला घेतला. पहिल्यांदा शहाणपणा केला. फळीवरच्या बारक्या बैलाच्या पोटातही चुंबक, फळीखालच्या हातातही चुंबक, म्हटलं पकड घट्ट बसंल. रविवारी लेक आली. आम्ही समोरासमोर बसलो, दोघींचा एकेक हात फळीखाली. दोन बैल जवळ आले न आले तोच टाळी वाजल्यागत एकमेकांना जाऊन चिकटले, नाकाला नाक. पोरगी पोट धरून हसली. 'आई, ह्यांची शर्यत न्हाय, सोयरीक जमली!' मी फळी उलटी करून ठेवली. 'हसायला आलीस तर चा पी आणि जा,' म्हटलं. रागावण्यासारखं काही नव्हतं. राग ह्याचा होता की बरोबर कसं करायचं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते तुमचं आहे म्हणून मी करत नव्हते. शेवटी केलंच. वरच्या बैलाच्या पायाखाली नुसता लोखंडी वायसर, चुंबक फक्त खालच्या हातात. तुमची रीत. बैल गुमान चालला.

मग खालच्या हातांची भांडणं लागली. दोन माणसांच्या हातांत दोन चुंबकं, फळीखाली जवळ आली की एक तर एकमेकांना ढकलतात, नाही तर कडकडून धरतात. कुठली बाजू वर आहे त्यावर सगळं. मी दोन्ही चकत्यांची एकच बाजू वर ठेवली आणि तिला लाल रंग लावला. लाल वर पाहिजे, उलटं धरायचं नाही, की ढकलतातच. आता वळणावर दोन बैल शेजारी आले की एकमेकांना रेटतात, अगदी खऱ्या बैलांनी खांद्यानं रेटावं तसं. आणि नियम एकच ठेवला. घाई करून हात ओढला की चुंबक पुढं जातं आणि बैल मागं उभा राहतो. ज्याचा बैल उभा राहिला त्याचा डाव गेला, त्यानं पुन्हा रेघेवरनं सुरू करायचं. फळी चार खुंट्यांवर उचलून ठेवलीय, चारी बाजू उघड्या, समोरच्याचा हात समोरच्याला दिसतो. कॅफेवाला म्हणाला, काकू, बाजूनं कापड लावूया, जादू वाटंल. मी म्हटलं, कापड लावणार असशील तर खेळ मिळणार न्हाय. त्याला कळलं नाही, पण तो ऐकतो. त्याच्याकडं आता पोरं-पोरी एकमेकांना ओरडतात म्हणे, 'हात वढू नको, बैलाला येऊ दे!' हे मी लेकीला शिकवताना म्हटलेलं, तिनं तिकडं नेलं. पण वाक्य तुमचं आहे. मला शिकवताना तुम्ही हेच म्हणायचात. मी नाकारत नाही. खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट तुमची आहे, आणि तेच माझ्या नरड्यात अडकलंय.

गेल्या आठवड्यात कॅफेवाला स्वतः आला, लेकीच्या संगट. दाढी ठेवलीय, वागायला गरीब आहे. खोक्याचं चित्र मोबाइलवर दाखवलं. वर तुमचा फोटो, पांढरी टोपी, जाड मिशी. खाली लिहिलेलं, 'आजोबांचा जत्रेतला खेळ. नातीनं पुन्हा मांडला.' मी सावकाश वाचलं, मला सावकाशच येतं. मग परत वाचलं.

'आजा आणि नात,' मी म्हटलं. 'मधी कोण न्हवतंच व्हय?'

'काकू, लोकांना गोष्ट लागतीया,' तो म्हणाला. 'आजोबा म्हटलं की माणसं हळवी होतात.'

'आणि आई म्हटलं की?'

'तू काय गं आई!' लेक म्हणाली. 'तुझं आतल्या कागदावर घालू की, बारक्या अक्षरात. तू बनवतीसच, ते कुठं जातंय?'

ती वाईट बोलली नाही. तिला वाटलं ती मला समजावतेय. मी चहा केला, दोघांना बसस्टँडवर सोडलं, परत येऊन दुकानाची फळी लावली, आणि मला टेबलाखालचा वास आला. आठवला नाही, आला. धूळ, फुटलेल्या नारळाचं पाणी, माणसांच्या पायांचा वास.

जुन्या मांडवाचं काळं कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं आहे. मी आत गुडघे मोडून बसलेय. डोक्यावर पातळ प्लायची फळी. एका हातात एक चकती, दुसऱ्या हातात दुसरी, दोन्हींना फडकं गुंडाळलेलं, घासल्याचा आवाज येऊ नये म्हणून. फळीवर हिरवं मैदान रंगवलंय, टोकाला एक निशाण, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले दोन बैल, एक पांढरा, एक काळा. निशाणाला वळसा घालून जो आधी परत येईल तो जिंकला. मला त्यातलं काही दिसत नाही. मला कापडाच्या फटीतनं पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, एखादा बूट. आणि तुमचा आवाज ऐकू येतो. 'या, या! पांढरा का काळा? बोला! करंटवरचा बैल! जिंकला तर तांब्या घरी न्या!' तो स्टीलचा तांब्या किती जत्रा फिरला, कुणाच्या घरी काही गेला नाही. कुणी विचारायचं, 'आप्पा, ह्यो चालतोय तरी कशावर?' तुम्ही फळीवर दोन चापट्या मारायचात. 'खाली मशीन हाय.' त्या चापट्या माझ्या टाळूवर बसायच्या.

उजव्या गुडघ्याला तुमच्या पायाचा अंगठा लागला की पांढरा पुढं काढायचा, डाव्याला लागला की काळा. लोकांनी ज्याच्यावर पैसे लावलेत तो मागं पडला पाहिजे. चुकलं की अंगठा राहायचा बाजूला आणि सगळी टाच यायची. आईनं माझ्या गुडघ्यांना बांधायला गोणपाटाच्या घड्या शिवून दिल्या होत्या, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी नातीला तिनं करंटच सांगितला. तहान लागली की मी फळीला नख घासायची. तुम्ही वर म्हणायचात, 'मशीन तापलंय, जरा दम खाऊ द्या,' आणि कापडाखालनं पेला आत सरकायचा. लोक हसायचे. पहिल्या जत्रेला मीही हसले होते. आणि कधीकधी कुणी काहीच लावलेलं नसायचं, नुसती बघ्यांची गर्दी, तुम्ही लोक गोळा करायला फुकट खेळ दाखवायचात. तेव्हा अंगठा यायचाच नाही. त्याचं पुढं बोलू.

मग ती नदीकाठच्या गावची जत्रा. त्या दिवशी भर दुपारी एक बैलवाला आला होता, चिक्कोडीकडचा. मला त्याच्या जाड वहाणा दिसत होत्या, आणि शेजारी काठीचं टोक, घुंगरं बांधलेलं. तो पांढऱ्यावर लावायचा, पांढरा हरायचा. काळ्यावर लावायचा, काळा हरायचा. मग त्यानं लावायचं सोडलं आणि नुसता बघत उभा राहिला. आप्पा, आपल्या घरामागच्या माळावर शर्यतीच्या बैलांचा सराव चालायचा, मी शेण गोळा करायला जायची, तेव्हा बघितलेलं. बैल निशाणाला वळायच्या आधी दबकतो. मान आत घेतो, क्षणभर पाय रोवतो आणि मग सुटतो. मी पत्र्याच्या बैलाला तसंच करायची. वळणाशी हात थांबवायचा, मग सोडायचा. मला कुणी शिकवलं नव्हतं. सरळ नेलं तर तो बैल वाटायचा नाही, डबा वाटायचा.

'आप्पा,' बैलवाला म्हणाला, 'मशीन असं दबकत न्हाय.'

'करंट कमी-जास्त हुतोय, पावणं.'

'न्हाय. बैल दबकतोय. मशीनला वळणाचं भ्या कशाला वाटंल?'

तुम्ही हसलात. 'तुम्ही बैलातली माणसं, तुम्हाला समदीकडं बैलच दिसणार!'

'व्हय? मग करंट कसा असतोय ते तरी बघू दे,' तो म्हणाला, आणि घुंगराची काठी कापडाखाली आली.

उजेड एकदम आत आला. उलटी तोंडं, एकावर एक वाकलेली. 'आरं, पोरगी!' कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. पहिल्यांदा सगळे हसलेच, आप्पा. त्यात राग नव्हता. तो बैलवालासुद्धा मांडीवर थाप मारून हसला. त्या वेळी तुम्ही कान धरून म्हणाला असतात, माझीच लेक हाय, पोटासाठी करतोय, तर दोन शिव्या खाऊन सुटला असतात. जत्रेत माणसं फसवून घ्यायलाच येतात, मजा आली म्हणजे झालं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी फक्त तुमच्याकडं बघत होते. तुम्ही खाली वाकलात. माझ्या तोंडाकडं असं बघितलंत की मलाच वाटलं, मी कोण? आणि म्हणालात, 'कुणाची गं तू?'

मी तोंड उघडायच्या आत वेणीला धरून बाहेर ओढलंत. 'चोरटी! माझं मशीन काढून नेलं हिच्या लोकांनी आणि हिला बसवलंय! वायर तोडली बघा!' माझ्या हातातल्या चकत्या हिसकावून लोकांना दाखवल्यात, 'ह्ये बघा, माझं सामान!' आणि मारलंत. नाटकातलं मारणं लोकांना कळलं असतं. तुम्ही इतकं खरं मारलंत की तो बैलवालाच मधी पडला. 'आवो सोडा, मरंल! कुणाची तरी पोर हाय!' एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, 'सोताची असती तर असा हात उठला असता व्हय?'

'माझी असती,' तुम्ही म्हणालात, 'तर जित्ती ठेवली नसती.'

मला जत्रा कमिटीच्या मांडवात नेऊन बसवलं. माझी एक चप्पल टेबलाखालीच राहिली. तिथं एक म्हातारा होता, कपाळाला भंडारा लावलेला. त्यानं पहिल्यांदा कन्नडमध्ये विचारलं, 'नी यार मगळ?' मग मराठीत, 'कुणाची गं बाळ तू?' मला दोन्ही कळत होतं. मी दोन्हीत गप्प बसले. त्यांना वाटलं, मुकी आहे. मग भोंग्यावरनं सुरू झालं, पिवळ्या परकरातली एक पोर सापडलीया, बोलत न्हाय, ज्यांची असंल त्यांनी मांडवात यावं. मग तेच कन्नडमध्ये. मग पुन्हा मराठीत. तो भोंगा आपल्याच दुकानातनं दुरुस्त होऊन गेला होता. त्याची कॉइल मी गुंडाळली होती, तुमची बोटं जाड म्हणून. केसासारखी तार, एक वेढा दुसऱ्यावर चढला की तुम्ही पट्टी मारायचात, म्हणून मी चढू दिला नव्हता. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तुम्ही हाकेच्या अंतरावर टेबल आवरत होतात, मला मांडवातनं दिसत होतात. भोंगा माझं वर्णन सांगायचा आणि तुम्ही सुतळीला गाठ मारायचात. भोंगा पुन्हा सांगायचा, तुम्ही दुसरी गाठ मारायचात. एकदाही मान वर केली नाहीत.

उन्हं उतरल्यावर आलात. टोपी काढून हातात धरलेली. म्हाताऱ्याला म्हणालात, 'रागात हात उठला, पाप झालं माझ्याकडनं. मी निपाणीकडंच चाललोय. हिच्या माणसांचा तपास काढतो, पोचवतो.' म्हाताऱ्याचे डोळे भरले. 'देवमाणूस हाईसा,' तो म्हणाला. 'पर मारू नका हां आता. कुणाचं तरी लेकरू.' त्यानं माझ्या ओट्यात चुरमुरे घातले आणि मला एका परक्या माणसाच्या ताब्यात दिलं. तो परका माणूस तुम्ही होतात, आणि मी तुमच्या मागनं एका चपलेनं चालत गेले.

बसमध्ये शेजारी बसवलंत. चुरमुरे तुम्हीही खाल्लेत, माझ्या ओट्यातले. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलंत, मग म्हणालात, 'बरं केलीस, बोलली न्हाईस.' मला वाटलं, आता पुढं काही तरी म्हणाल. गालावर हात तरी फिरवाल. म्हणालातही.

'पर चूक तुझीच हाय. मशीनवानी पळवायचं. जीव कशाला घालतीस त्यात?'

एवढंच बोलणं त्याच्यावर झालं, त्या दिवशी आणि त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत. दुसऱ्या दिवशी बाजारातनं माझ्यासाठी चपला आणल्यात, निळ्या पट्ट्याच्या. माझ्या सबंध आयुष्यात तुम्ही स्वतः होऊन आणलेली ती एकच वस्तू. मी पायात घातल्या, टाचेमागं चांगली बोटभर जागा राहिली. आई म्हणाली, 'मोठ्या झाल्यात की.' तुम्ही जेवत होतात. 'असू दे,' म्हणालात. 'फुडच्या जत्रंलाबी चालतील.' तेव्हा मला कळलं की पुढची जत्रा आहे. होतीच. गावं बदललीत, कापडाला खालनं बारके खिळे मारलेत, काठी आत येऊ नये म्हणून. मास्तर घरी आले, पोर सारखी गैरहजर असती, पटावरनं नाव जाईल म्हणून सांगून बघितलं. 'जाऊ द्या,' तुम्ही म्हणालात. 'तिचं नाव कुठं कुणाला लागतंय?' नाव गेलं. मग मी वाढले, डोकं फळीला लागायला लागलं. दुसरा कुठला बाप असता तर तेवढ्यावर सोडलं असतं. तुम्ही सुताराकडनं टेबलाचे पाय उंच करून आणलेत. टेबल इतकं उंच झालं की बारक्या पोरांना वरचं मैदान दिसेना, पोरं थांबेनात, पोरं थांबेनात म्हणून आईबाप थांबेनात, आणि खेळ बंद पडला. खेळ त्यानं बंद पडला, माझी दया येऊन नव्हे. आणि टेबल दुकानात आणून ठेवलंत, त्याच्यावरच मी पुढं आयुष्यभर स्पीकरचे कागद चिकटवले. उंच आहे, पाठ वाकवावी लागत नाही. तेवढा उपकार.

तुम्ही मेलात ते सरकारी दवाखान्यात. तिथल्या बाईनं मान वर न करता विचारलं, 'तुम्ही ह्यांच्या कोण?' मी थांबले. वळणाशी बैल थांबतो तेवढीच. तोंडात सगळं तयार होतं, कुणाचा की म्हातारा, मी वळखत न्हाय. मग म्हटलं, 'लेक.' हे मायेनं म्हटलं असं समजू नका. दुसरं काही म्हटलं असतं तर मयत ताब्यात दिलं नसतं, आणि बाहेर आई पायरीवर बसली होती. डोळ्यांत पाणी आलं ते फिनेलच्या वासानं. लोक म्हणाले, लेकीचा लई जीव.

इथवर लिहिलं आणि मधीच फोन वाजला. उद्यापर्यंत थांबायला लेकीला कुठला धीर, माझीच आहे.

'आई, छापणारा घाई करतोय. आजोबा घालायचे न्हवं?'

'न्हाय.'

'अगं, का? त्यांचाच खेळ की!'

'बैल त्यांचं. पळवायची मी.'

'म्हंजे?'

'म्हंजे मशीन न्हवतं. करंट न्हवता. टेबलाखाली मी बसायची.' एवढं बोलायला मला किती वर्षं लागली बघा, आणि बोलायला घेतलं तर तेवढंच निघालं. वेणी नाही, भोंगा नाही, 'कुणाची गं तू' नाही. ते तुमच्या माझ्यातच राहिलं.

ती बारीक आवाजात म्हणाली, 'आजी तर करंट म्हणायची.'

'आजीनंच माझ्या गुडघ्याला गोणपाट शिवलं.'

तेवढ्यात मागनं कॅफेवाल्याचा आवाज. तो तिथंच बसला होता, फोन मोठ्यानं लावून ठेवला होता त्या दोघांनी. 'काकू! अवो काकू, ही तर त्याच्यापेक्षा भारी गोष्ट हाय! टेबलाखालची पोर! हीच छापूया, माणसं रडतील!'

'माझं रडणं कॉफीसंगट विकू नको,' मी म्हटलं. 'आणि फोटो परत पाठव, भिंत घाण दिसतीया.'

'मग खोक्यावर लिहू तरी काय? कोरं कसं ठेवू?'

'लिही, खाली मशीन न्हाय.'

'एवढंच?'

'एवढंच. आणि वळणाशी थांबलेला बैल काढ.'

त्याला ते लई आवडलं. त्याला सगळंच आवडतं. लेक मात्र फोन ठेवायला तयार नव्हती. तिनं पुन्हा एकदा विचारलं, अडखळत, आई, पण आजोबांचं नाव कुठंच न्हाय? आतल्या कागदावर पण न्हाय? मी म्हटलं, 'त्यांचं नाव कुठं कुणाला लागतंय?' हेही वाक्य तुमचंच आहे, आप्पा. तुमचं सामान तुम्हाला परत केलं.

फोटो परवापर्यंत येईल, पांढऱ्या चौकोनात पुन्हा बसेल, बोळातल्या माणसांचं विचारणं थांबेल. उदबत्तीही लावीन, वासानं डास जातात. हे कागद पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवले नसते. तुम्ही वाचून म्हणाला असतात, चूक तुझीच हाय.

एक राहिलं, मगाशी पुढं बोलू म्हटलेलं. ज्या खेळाला तुमचा अंगठा यायचा नाही, त्यात दोन्ही बैल माझे असायचे. पांढरा पुढं, मग काळा पुढं, मग दोघांना वळणाशी आणून थांबवायची. वर सगळी माणसं श्वास धरायची. मला तो धरलेला श्वास फळीतनं कळायचा. जरा जास्तच थांबवायची मी त्यांना, मुद्दाम. आणि मग हात सोडायची. आरडाओरड, शिट्ट्या, डोक्यावर फळी थरथरायची. तेवढ्या वेळात मला बाहेर यावंसं वाटायचं नाही. काल घरात कोणी नव्हतं, नवीन फळी तपासायची होती. खुर्चीवर बसून, डोळ्यांनी बघत बघत बैल चालवून बघितला, तर हात नीट चालेना, बैल सारखा मागं राहायला लागला. मग फळी दोन स्टुलांवर आडवी टाकली आणि खाली बसले, गुडघे मोडून, ह्या वयात. डोळे मिटले. बैल वळणाशी दबकला, आणि सुटला.